हे मी म्हटलंच नव्हतं

सोमवार, १६ जून

आज नव्या संपादकीणबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझ्या ‘छोट्यांचा कौल’ सदराची सहा कात्रणं मांडून ठेवली होती. पोलीस जप्त केलेला माल मांडतात तशी.

“ताई, ही मुलं कोण आहेत?”

“वाचक आहेत,” मी म्हटलं.

“एका मुख्याध्यापिकेचं पत्र आलंय. गेल्या बुधवारी चौथीतल्या ज्या मुलीचं मत छापलं तिला त्यांना बक्षीस द्यायचं होतं. त्या नावाची मुलगी त्यांच्या शाळेत नाही. कधीच नव्हती.”

सतरा वर्षं आमच्या बुधवारच्या पुरवणीत मुलांच्या पुस्तकांवर आणि सिनेमांवर मुलांची मतं छापून येतात, आणि ती सगळीच्या सगळी मी लिहिते. जुन्या संपादकांना माहीत होतं, छपाईवाल्यांना माहीत होतं, माझ्या आईला माहीत आहे. सुरुवातीला आम्ही खरी पत्रं मागवली होती. काय यायचं? ‘पुस्तक चांगलं आहे. चित्रं चांगली आहेत. कळावे.’ एवढ्यावर पान भरतं होय? मग मी मुलं तयार केली. वय, इयत्ता, एखादं भोळं वाक्य, एखादी गोड चूक, आणि शेवटी ‘यातून मी शिकलो की...’. लोक ती कात्रणं जपून ठेवतात. ‘संकलन : आत्या’ अशी खाली सही असते, म्हणून ऑफिसातही मी सगळ्यांची आत्या.

“या शनिवारपासून खरी मुलं,” बाई म्हणाल्या. “चार जणं आहेत. वाचनालयातून निवडली आहेत मी. ती बोलतील, तुम्ही शब्दन् शब्द वहीत उतरवून घ्यायचं. मग जागेपुरतं कापायचं. लिहायचं नाही. फक्त कापायचं.”

पस्तिशीची बाई मला कापायला शिकवणार. मी चोपन्न वर्षांची आहे.

शनिवार, २१ जून

मला मुलं आवडत नाहीत. सतरा वर्षं त्यांच्या नावानं लिहून आज पहिल्यांदा हे कागदावर उतरवते आहे. मला आवडतात ती मी लिहिलेली मुलं. ती नाक ओढत नाहीत.

बैठकीच्या खोलीत चौघं बसली होती. नावं मी पाठ करणार नाही, मी माझी ठेवली आहेत. पहिला जांभई, वय दहा, याला आईनं ढकललंय. दुसरा मुद्देवाला, वय बारा, प्रत्येक वाक्य “माझा मुद्दा असा आहे की” पासून सुरू. तिसरी धाकली, आठ वर्षांची, तिनं टेबलाखाली बूट काढून ठेवले आणि जाताना डावा उजव्यात घातला. चौथी अकरा वर्षांची, किडकिडीत, एक वेणी. तिनं पुस्तकात पानोपानी समासात पेन्सिलीनं फुल्या मारून आणल्या होत्या. ती फुली.

पुस्तक होतं चार मित्रांना सुट्टीत गुहेत खजिना सापडतो त्याचं. मला फार गोड वाटलं होतं.

“ही मुलं दिवसभर गुहेत असतात आणि एकालाही शू लागत नाही,” धाकली म्हणाली.

“माझा मुद्दा असा आहे की चोर एवढे मूर्ख असतील तर पोलिसांची गरजच काय?”

जांभईनं जांभई दिली. मी तीही वहीत लिहिली. शब्दन् शब्द म्हणजे शब्दन् शब्द.

“आणि या फुल्या कसल्या?” मी विचारलं.

“खोटं आहे तिथे फुली,” फुली म्हणाली. “हे बघा. ‘अरेच्चा! ती आनंदानं उद्गारली.’ अरेच्चा कोण म्हणतं? मोठी माणसं मुलांसारखं बोलायला लागली की म्हणतात. एकूण बेचाळीस आहेत.”

“अगं, पण लेखकानं किती प्रेमानं लिहिलंय.”

“तुम्हाला कसं माहीत?”

असल्या उर्मट कार्टीला मी माझ्या पानावर कधी जन्म दिला नसता.

बुधवार, २५ जून

छापून आलं. मी कापलं, आणि जिथे फाटलं तिथे शिवलं. एवढंच. फुलीच्या नावावर टाकलं : ‘अरेच्चा! पुस्तक संपलंसुद्धा, असं मला झालं.’ आईला वाचून दाखवलं. आई ब्याऐंशीची आहे, भिंग घेऊन पेपर वाचते, तरी माझं पान माझ्याकडूनच ऐकते. म्हणाली, “ही मुलं खरी का यंदा? मग सगळी तुझ्यासारखी कशी बोलतात?”

शनिवार, २८ जून

चौघंही पेपर घेऊन आली होती. कट करून आल्यासारखी टेबलाच्या एकाच बाजूला बसली. फुलीनं तिच्या नावाखालच्या मजकुरावर लाल पेननं फुल्या मारल्या होत्या.

“तेरा वाक्यं आहेत. अकरा माझी नाहीत. हे मी म्हटलंच नव्हतं.”

“त्याला संपादन म्हणतात.”

“त्याला खोटं म्हणतात. माझ्या वर्गात मला सगळे अरेच्चा म्हणून हाक मारतायत.”

“माझा मुद्दा असा आहे,” मुद्देवाला म्हणाला, “की आमची नावं वापरायची तर आमची वाक्यंही वापरायला हवीत. नाहीतर तुमचं नाव टाका.”

जांभईनंसुद्धा तोंड उघडलं, आणि चक्क बोलण्यासाठी. “माझ्या नावावर तुम्ही लिहिलंय की मी आजोबांच्या मांडीवर बसून पुस्तक वाचलं. मला आजोबा नाहीत.”

मी म्हटलं, “तुम्ही जे बोलता ते तसंच छापलं तर कोणी वाचणार नाही. तुम्हाला छान दाखवते आहे मी!”

“आम्हाला छान व्हायचं नाहीये,” धाकली म्हणाली.

आवाज ऐकून संपादकीणबाई दारात आल्या. मुलांसमोर मला म्हणाल्या, “ताई, पुढच्या वेळी त्यांचेच शब्द.” मुलांसमोर! मी मान हलवली. जाताना फुली थांबली. “म्हणजे या वेळी मी म्हटलेलंच छापणार ना?”

“हो बाई, हो.”

शनिवार, ५ जुलै

सिनेमा दाखवायला नेलं. सकाळचा खेळ, अर्धं थिएटर मुलांनी भरलेलं. घरगुती, हसता-रडता सिनेमा. एक महाचिडका बाबा, दोन मुलं, सोशीक आई. बाबा ताटं फेकतो, घड्याळं फोडतो, मुलगी कपाटामागे लपते, मुलगा पलंगाखाली, प्रत्येक वेळी ढोल वाजतो आणि सगळं थिएटर हसतं. शेवटी शाळेच्या कार्यक्रमात बाबा मंचावर चढून मुलीसोबत नाचतो. माझे डोळे पाणावले. धाकली आणि मुद्देवाला खिदळत होते. जांभई चक्क जागा होता. फुली माझ्या शेजारी बसून खुर्चीचा हात घट्ट धरून पडद्याकडे बघत होती, एकदाही हसली नाही. आनंद घ्यायचाच नाही असं ठरवूनच येते ही मुलगी.

ऑफिसात परत आल्यावर मतं घेतली. फुलीचं मत वहीत जसंच्या तसं उतरवलं आहे. तेच इथे उतरवते, म्हणजे ही मुलगी किती खुसपटं काढते ते दिसेल :

‘मुलगी कपाटामागे लपते ते चूक आहे. कपाटामागे पहिल्यांदा बघतात. आणि ती लपते बाबा ओरडल्यावर. तोपर्यंत उशीर झालेला असतो. खरी मुलगी आधी किल्ली ऐकते. किल्ली एकदाच लागली तर ठीक. दोनदा चुकली तर भावाला घेऊन बाथरूममध्ये जायचं आणि नळ सोडायचा. सिनेमात किल्लीचा आवाजच नाही. नंतर बाबा नाचतो तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात. आई पण वाजवते. पण दुसऱ्या दिवशी काय झालं ते दाखवलं नाही. नाचून झालं की घरीच जायचं असतं ना?’

किल्ली! अख्ख्या सिनेमातून या मुलीला किल्लीचा आवाज खटकला. मी विचारलं, “आणि काय आवडलं?” म्हणाली, “मध्यंतर.”

रविवार, ६ जुलै

चहा घेताना आईला गंमत म्हणून फुलीचं मत वाचून दाखवलं. आईनं भिंग खाली ठेवलं. बराच वेळ पदराच्या टोकानं काच पुसत राहिली. मग म्हणाली, “आपल्याकडे चपलांचा आवाज होता. जिन्यात.”

काय संबंध! वय झालं की माणूस कुठलं काहीही कशालाही जोडतं. बाबा रागीट होते, मान्य. त्या काळी कोणाचे नव्हते? मी विषय बदलला.

बुधवार, ९ जुलै

पान सुंदर झालं आहे. तिघांचं जवळपास तसंच ठेवलं, बाईंनी बघितलं तर बोलायला जागा नको. फुलीचं मात्र ठेवण्यासारखं काही नव्हतंच. कुलपं, नळ, बाथरूम. सिनेमाचं परीक्षण आहे का नळदुरुस्ती? शिवाय मुलीनं बापाबद्दल असं तुसडं बोलू नये, निदान सिनेमातल्या. म्हणून तिच्या नावावर मी चार ओळी लिहिल्या :

‘शेवटी बाबा नाचतात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मला माझ्या बाबांची आठवण झाली. तेही कधी कधी रागावतात, पण माझ्यावर त्यांच्याइतकं प्रेम कोणीच करत नाही. घरी जाऊन मी त्यांना मिठी मारली.’

वचन दिलं होतं, ठाऊक आहे. पण अकरा वर्षांच्या मुलीला दिलेलं वचन आणि दीड लाख वाचक यांत मी वाचक निवडले. दोन फोन आले, दोन्ही बाया रडवेल्या झाल्या होत्या.

शुक्रवार, ११ जुलै

आज कष्टाचं चीज झालं. फुलीचे वडील भेटायला आले, तिला घेऊन. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फुलांचा गुच्छ, बोलणं इतकं मऊ की मला उगाच केस सारखे करावेसे वाटले. तिच्या शाळेच्या पालक समितीचे अध्यक्ष आहेत म्हणे.

“आत्या, तुमचे आभार कसे मानू? घरी ही तोंडातून शब्द काढत नाही. तुमच्याकडे मनातलं बोलली. मी कात्रण फ्रेम करून घेतलंय. हिच्या आईला रोज वाचायला लावतो.”

हसले. मीही हसले. त्यांचा हात सबंध वेळ मुलीच्या मानेवर होता, किती माया! आणि मुलगी? खांबासारखी उभी. “आत्यांना थँक्यू म्हण,” ते म्हणाले. तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं. अशा बापाच्या पोटी अशी घुमी पोर कशी जन्मते कोण जाणे.

गुच्छ टेबलावर ठेवला. सगळ्यांनी विचारलं, कोणी दिला? मी सांगितलं.

शनिवार, १२ जुलै

फुली वेळेआधी अर्धा तास आली. खोलीत मी एकटीच खुर्च्या लावत होते. तिनं दार लोटलं आणि बसली नाही.

“तुम्ही हो म्हणाला होतात.”

“बाळ, ऐक—”

“आई मामाकडे जाणार होती. मला आणि भावाला घेऊन. बॅग भरून शेजारच्या काकूंकडे ठेवली होती. तीन महिने लागले तिला ठरवायला.” भाजीचा हिशेब सांगावा तशा सपाट आवाजात बोलत होती. “बुधवारी त्यांनी पेपर आणला. आईला वाचून दाखवला. म्हणाले, बघ, पोरगी काय म्हणते, तिला तोडणार माझ्यापासून? आईनं मला विचारलं, तू असं म्हणालीस? ते तिथेच उभे होते.”

“मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगणार? ते तिथेच उभे होते.”

मी खुर्चीवर बसले. मला काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून आलं ते असं : “मला काय माहीत, तू सरळ सांगितलं असतंस तर—”

“मी सरळच सांगितलं होतं. तुम्ही लिहून घेतलंत.”

तेवढ्यात बाकीचे आले. ती आपल्या जागी जाऊन बसली. मी तासभर वहीत काय लिहिलं मलाच वाचता येत नाहीये. घरी येऊन पाच तारखेचं पान काढलं. किल्ली दोनदा चुकली तर. भावाला घेऊन. नळ सोडायचा.

नळ कशासाठी, हे मला आज कळलं. भावाला ऐकू जाऊ नये म्हणून.

रविवार, १३ जुलै

आईला विचारलं, “चपलांचा आवाज आला की आपण काय करायचो?”

“तू मोठ्यानं पाढे म्हणायचीस,” आई म्हणाली. “तू अभ्यास करत असलीस की ते कधी कधी नुसतेच झोपायला जायचे. एकदा सतराचा पाढा तू तासभर म्हणत होतीस. आठवत नाही?”

आठवत नव्हतं. आता आठवतं आहे. तासभर मला म्हणू दिलं म्हणून मला आईचा भयंकर राग आला आहे, आणि तिच्याशी आज मी बोललेले नाही.

सोमवार, १४ जुलै

संपादकीणबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्या उठून खिडकीपाशी गेल्या.

“वही मी बघायला हवी होती,” म्हणाल्या. मग वळल्या. “तुम्हाला तिचा राग का होता एवढा?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, तिचं खरं मत या बुधवारी मोठ्या टाइपात छापू. बाई जवळजवळ किंचाळल्या. “ते छापलं की संध्याकाळी त्या घरात काय होईल? तुमचं मन हलकं होईल, एवढंच. आधी तिच्या आईला भेटा. ती एकटी असेल तिथे. ती म्हणेल तेच करायचं.”

मंगळवार, १५ जुलै

फुलीची आई चष्म्याच्या दुकानात काम करते. दुपारी गिऱ्हाईक नसताना गेले. काउंटरवर मखमलीच्या ट्रेमध्ये फ्रेमी मांडलेल्या, मध्ये गोल आरसा. बाई माझ्याच उंचीची, आवाज हळू, हातात नखाएवढा स्क्रू आणि पेचकस.

“जवळचा नंबर का लांबचा?” तिनं विचारलं.

मी कोण ते सांगितलं. तिचा चेहरा बंद झाला. मी वहीचं पान फाडून आणलं होतं, ते काउंटरवर ठेवलं. खाली मी लिहिलं होतं, ‘मुलगी बोलली ते हे. छापलं ते माझं. तिनं त्यातला एकही शब्द उच्चारलेला नाही.’ तारीख, सही.

तिनं उभ्या उभ्या वाचलं. पेचकस हातातच होता. ‘बाथरूममध्ये’ या शब्दावर बोट ठेवून थांबली.

“मला वाटायचं तिला आंघोळीला वेळ लागतो,” ती म्हणाली. “मी ओरडायचे. पाणी वाया घालवते म्हणून.”

मी काही बोलणार तोच तिनं मान वर केली. माझ्याकडे आजवर कोणी असं बघितलेलं नाही.

“तुम्हाला मुलं आहेत?”

“नाही.”

“सात दिवस मी माझ्या मुलीशी धड बोलले नाही. मला वाटलं, हिनंच मला पाडलं. माझ्या पोटच्या पोरीचा मला राग आला, तुमच्या चार ओळींमुळे. माफी बिफी मागू नका. ऐकायला वेळ नाही मला.” पान घडी करून तिनं चष्म्याच्या एका केसमध्ये घातलं, केस पर्समध्ये. “आणि इथे पुन्हा येऊ नका. ते कधी कधी मला न्यायला येतात.”

एक गिऱ्हाईक आत आलं. ती त्याला म्हणाली, “या ना, बसा,” अगदी नेहमीच्या आवाजात.

शनिवार, १९ जुलै

फुली आली नाही. मुद्देवाल्यानं विचारलं, “तिला काढून टाकलं का? खरं बोलते म्हणून?” मी नाही म्हटलं. “मग?” माहीत नाही म्हटलं. तिघांपैकी कोणाचाही विश्वास बसला नाही. आज पुस्तकावर कोणी काही बोलायलाच तयार नव्हतं. धाकलीनं तर वहीवर हात ठेवला आणि म्हणाली, “आधी सांगा, काय काय बदलणार.”

मंगळवार, २२ जुलै

आज फुलीचे वडील आले. तोच कडक शर्ट. गुच्छ नव्हता. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले. मी त्यांचा हात बघत होते. दुसऱ्याच्या टेबलावरच्या टाचण्या, रबर, पट्टी हे सगळं ते बोलता बोलता एका ओळीत लावत होते.

“आत्या, घरात थोडा प्रसंग आलाय. गुरुवारी मिसेस मुलांना घेऊन भावाकडे निघून गेली. कोणीतरी तिचे कान भरलेत.” आवाज तसाच मऊ. “मी मुलांचा ताबा मागणार आहे. वकील म्हणाले, तुमच्या पेपरातल्यापेक्षा चांगला पुरावा नाही. मुलीचे स्वतःचे शब्द. फक्त मूळ वहीची प्रत लागेल, तारखेसकट. तेवढी द्या.”

खरं सांगते, पहिला विचार आला तो पळून जायचा. दुसरा, वही हरवली म्हणून सांगायचं.

“वहीत ते वाक्य नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“मिठी मारली ते. प्रेम करतात ते. तिनं म्हटलेलं नाही. मी लिहिलंय.”

पट्टीवरचा हात थांबला. बाकी चेहऱ्यावर काही हललं नाही, हसूसुद्धा जागच्या जागी होतं.

“नीट आठवा,” ते म्हणाले. “सतरा वर्षांचं नाव आहे तुमचं. मुलांच्या नावावर खोटं लिहिता, असं उद्या लोकांना कळलं तर कोण विचारील तुम्हाला? मी तुमच्या भल्यासाठी सांगतो. वाक्य तिचंच होतं. हो ना?”

“नाही.”

ते उठले. जाताना दाराशी थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “म्हातारपणी लक्षात राहत नाही, आत्या. जपा.” दोन-तीन जण हसले. त्यांना काय माहीत.



बुधवार, २३ जुलै

दिवसभर खुलाशाची एकच चौकट लिहीत होते. सतरा वर्षं फटाफट लिहिणारी मी, आठ वेळा फाडलं. शेवटी उरलं ते असं :

‘गेली सतरा वर्षे आपण या सदरावर जिवापाड प्रेम केलेत. त्या प्रेमाच्या ऋणात राहूनच आज हे निवेदन करत आहे. या सदरात मुलांच्या नावाने छापलेली मते मुलांची नव्हती. ती मी लिहिली. गेल्या महिनाभरात खरी मुले येऊ लागल्यावरही मी त्यांच्या तोंडी माझी वाक्ये घातली. ९ जुलैच्या अंकात एका मुलीच्या नावाने वडिलांविषयी जे छापले, त्यातले एकही वाक्य तिचे नाही. ते तिने म्हटलेले नाही आणि तसे तिला वाटत असल्याचा कोणताही आधार माझ्याकडे नाही.’

खाली ‘आत्या’ लिहिलं, खोडलं, आणि माझं पूर्ण नाव लिहिलं.

संपादकीणबाईंनी दोनदा वाचलं. “हे छापलं की सदर तुमच्याकडे ठेवता येणार नाही मला.”

“माहीत आहे.”

“तिनं खरं काय म्हटलं, ते यात कुठेच नाही.”

“ते तिच्या आईकडे आहे.”

गुरुवार, ३१ जुलै

काल चौकट छापून आली. आज सकाळपासून फोन. एका आजोबांनी माझी कात्रणं नातवंडांसाठी जपली होती, ती आता फाडून टाकणार म्हणाले, आणि फोनवर मला कागद फाटण्याचा आवाज ऐकवला. एका शिक्षिकेनं मला ‘मुलांच्या ताटातलं पळवणारी’ म्हटलं. मुख्याध्यापिकाबाईंनी फक्त विचारलं, “लाज नाही वाटली?” कोणाशीही वाद घातला नाही. घालायला होतंच काय?

सोमवारपासून मी हवामान आणि पाणीकपातीच्या कोपऱ्यात. पान एका नव्या मुलाला दिलंय, पंचविशीचा आहे. शनिवारी मुलांना त्याची ओळख करून द्यायची.

आईनं चौकट स्वतः भिंगानं वाचली. “यात तूच बोलतेस,” म्हणाली. मी तिला अजून पाढ्यांबद्दल माफ केलेलं नाही. तिनंही माफ केलंस का असं मला विचारलेलं नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

ओळख करून दिली. मुद्देवाल्यानं नव्याला पहिला प्रश्न केला, “तुम्ही पण बदलता का?” जांभईनं माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. धाकली बाय म्हणाली, पण ती जिन्यावरच्या मांजरालाही म्हणते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

दुपारी माझ्या नव्या टेबलावर फोन वाजला. अनोळखी गावचा नंबर, खरखर.

“चष्म्याच्या दुकानातली बोलतेय,” फुलीची आई म्हणाली. “आभार मानायला फोन केलेला नाही. माझ्या वकिलीणबाईंना त्या चौकटीचा पूर्ण अंक हवाय, कात्रण नको. पाठवा. पत्ता त्यांच्या ऑफिसचा देते, आमचा नाही.”

मी पत्ता उतरवून घेतला, शब्दन् शब्द, आणि परत वाचून दाखवला.

“त्यानं अर्ज केलाय?” मी विचारलं.

“केलाय. तारीख पुढच्या महिन्यात. इथे दार आम्हीच उघडतो आणि आम्हीच लावतो. धाकटा आता रात्रभर झोपतो.” लगेच तिचा आवाज परत कडक झाला. “हिला काहीतरी बोलायचंय. मी नको म्हटलं होतं.”

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज. मग फुली.

“वाचलं मी. मामानं आणला होता पेपर.”

मला हे विचारण्याचा काही हक्क नव्हता. तरी विचारलं, “कसं वाटलं?”

मागे कोणीतरी भांडी लावत होतं.

“पहिली दोन वाक्यं उगाच आहेत,” ती म्हणाली. “तिसऱ्यापासून खरं आहे.”

मी काही म्हणायच्या आत फोन ठेवला.

मी अंक काढला आणि चौकट पुन्हा वाचली. बरोबर आहे तिचं. पहिली दोन उगाच आहेत.